‘माल चांगला हवा’ म्हणजे नेमकं काय? करारात तपासणीची पद्धत कशी लिहावी

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेत कुठल्याही फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) ऑफिसात जुनी पीओची (खरेदी आदेशांची) फाईल उघडा. तळाला एक ओळ हमखास सापडते: ‘माल उत्तम प्रतीचा असावा व खरेदीदाराच्या समाधानानंतर स्वीकारला जाईल.’ या एका ओळीवर वर्षानुवर्षं धंदा चालतो. कोल्हापूरकडचा पंपवाला माल नेतो, पैसे पाठवतो, दिवाळीला मिठाईचा बॉक्सही येतो. मग एखाद्या वर्षी बाजार पडतो, त्याच्या गोदामात माल साठतो आणि चारशे कास्टिंगपैकी दीडशे ‘हार्ड आहेत’ म्हणून परत येतात. हार्ड म्हणजे किती? कुणी मोजलं, कशावर मोजलं, कास्टिंगच्या कुठल्या भागावर मोजलं? त्या ओळीत यातलं काहीच नसतं.

करारातल्या प्रत्येक अटीला दोन बाजू लागतात: काय हवं, आणि ते मिळालं हे कसं ठरवायचं. दुसरी बाजू कोरी राहिली, की पहिलीचा अर्थ ज्याच्या हातात पैसे अडकलेत तो लावतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २९ मध्ये याचंच टोकाचं उदाहरण आहे. ‘शंभर टन तेल’ विकायचा करार झाला, पण कुठलं तेल हे कशावरूनच कळत नाही. असा करार संदिग्ध म्हणून रद्दबातल. आपल्याकडे गोष्ट तिथवर जात नाही. आपल्याकडे करार जिवंत राहतो आणि पेमेंट मरतं.

खालचा क्रम मी मुख्यतः फाउंड्री आणि जॉबवर्कच्या करारांसाठी वापरतो. घरबांधणी, जमीन, ऊस यांनाही तो लागू पडतो, म्हणून मधेमधे तिकडची उदाहरणं येतील.

पहिली पायरी: विशेषणांवर लाल पेन

मसुदा हातात घ्या आणि चांगला, मजबूत, दर्जेदार, व्यवस्थित, योग्य, समाधानकारक, वेळेवर असा एकेक शब्द अधोरेखित करा. प्रत्येकाच्या जागी मोजता येईल किंवा करून बघता येईल असं काहीतरी आलं पाहिजे. ते सुचत नसेल तर ती अट काढून टाका, कारण ती तुम्हाला तरी नीट ठाऊक नाही किंवा तुम्हाला ती मुद्दाम धूसर ठेवायची आहे.

‘स्लॅब गळता कामा नये’ हे वाक्य घ्या. खानापूर-जांबोटी पट्ट्यातल्या पावसात हे फक्त पुढच्या जुलैत कळणार, आणि तोवर कंत्राटदार दुसऱ्या साईटवर गेलेला असतो. त्याऐवजी लिहा: ‘वॉटरप्रूफिंग झाल्यावर कडेनं बांध घालून स्लॅबवर किमान दोन इंच पाणी सलग ७२ तास ठेवायचं. खालून ओल दिसली तर जागा दुरुस्त करून पुन्हा ७२ तास. ही चाचणी पास झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देय नाही.’ पाणी मावळलं तर ते उन्हानं की गळतीनं, हा वाद टाळायचा असेल तर शेजारी तेवढंच पाणी भरलेली पसरट पाटी ठेवा आणि तेही करारात लिहा.

जमिनीच्या साठेकरारात हीच भानगड क्षेत्राची. उताऱ्यावर एकर-गुंठे-आणे असतात: ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा. जागेवर मोजणी झाली की आकडा हलतो. म्हणून ‘अंदाजे वीस गुंठे’ लिहिण्यापेक्षा दर गुंठ्याला ठरवा आणि क्षेत्र कशानं नक्की होणार ते लिहा: भूमापन खात्याच्या मोजणीनं आणि त्यातून निघणाऱ्या ११ई नकाशानं. खराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जागा, धरून की वगळून, हेही. ‘ब’ खराबा म्हणजे रस्ता, नाला अशी सार्वजनिक वापराची जागा. तिचे पैसे मोजून बसलेले लोक या भागात कमी नाहीत.

दुसरी पायरी: पद्धत निवडा

हत्तरगीला विमानाचे भाग बनतात. त्या क्षेत्रात खरेदीदार प्रत्येक अटीपुढं पडताळणीची पद्धत लिहूनच देतात. पद्धती मूळच्या चारच आहेत. बघून किंवा मापून तपासणं. उपकरणावर चाचणी घेणं. चालवून दाखवणं. आणि जिथं प्रत्यक्ष चाचणी परवडत नाही तिथं हिशोबानं सिद्ध करणं. आपल्याकडे पाचवी फार चालते: कागद. म्हणजे पुरवठादाराचं टेस्ट सर्टिफिकेट (टीसी).

कागदावर माझा फारसा राग नाही, पण तो कुणी दिला हे बघावं लागतं. ‘टीसी सोबत द्यावे’ एवढंच लिहिलं, तर समोरचा आपल्याच लेटरहेडवर आकडे टाकून देतो आणि करार पाळलाही जातो. लिहायचं असं: टीसीवर हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या घाण्याचा क्रमांक) हवा, तोच नंबर कास्टिंगवर ओतलेला हवा, आणि चाचणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेची हवी. प्रयोगशाळेला मान्यता असते ती ठरावीक चाचण्यांपुरती. रासायनिक पृथक्करणाची मान्यता असलेली लॅब टेन्साइलचाही (धातू ओढून तुटेपर्यंत किती ताण सोसतो त्याचाही) रिपोर्ट देते आणि तो आपण डोळे मिटून फाईलला लावतो. मान्यतेची व्याप्ती एनएबीएलच्या संकेतस्थळावर बघता येते. पाच मिनिटांचं काम आहे.

एका अटीला एकच पद्धत पुरी. दोन लिहिल्यात तर कुठली वरचढ ते लिहा, नाहीतर एक पास आणि एक नापास आली की तिसरं भांडण.

तिसरी पायरी: पद्धत शेवटच्या खिळ्यापर्यंत लिहा

इथं मी थोडा वेळ काढणार आहे, कारण उद्यमबागेतले निम्मे वाद इथले असतात.

समजा पंपाचा ब्रॅकेट आहे, ग्रे आयर्न (ओतीव लोखंड), एफजी २६० प्रतीचं. आयएस २१० या भारतीय मानकाप्रमाणे यातला २६० हा आकडा टेन्साइलचा: चौरस मिलिमीटरला किमान २६० न्यूटन. तो मोजतात वेगळ्या ओतलेल्या ३० मिमी व्यासाच्या टेस्ट बारवर. म्हणजे आकडा बारचा आहे, तुमच्या ब्रॅकेटचा नाही. खरेदीदारानं ब्रॅकेटच कापून त्यातून तुकडा काढला आणि आकडा कमी आला, तर माल नापास झाला असं आपोआप होत नाही. ही गोष्ट करारात नसली की समजावून सांगताना घाम फुटतो.

हार्डनेसचं त्याहून अवघड. एकाच लाडलच्या (ओतायच्या भांड्याच्या) धातूचा जाड बॉस (कास्टिंगवरचा जाड उंचवटा) हळू थंड होतो आणि मऊ राहतो, पातळ फ्लॅंज (कडेची पट्टी) पटकन थंड होते आणि कडक होते. बॉसवर १९० बीएचएन (ब्रिनेल हार्डनेसचा आकडा) येईल, फ्लॅंजच्या कडेला २४०. दोन्ही आकडे खरे. फाउंड्रीवाला बॉसवर मोजतो, मशिनशॉपवाला जिथं टूल जळलं तिथं मोजतो, आणि दोघंही एकमेकांना खोटं ठरवतात. म्हणून ओळ अशी लिहावी लागते:

‘हार्डनेस १८० ते २३० बीएचएन. ब्रिनेल पद्धत, आयएस १५०० नुसार, १० मिमी गोळी, ३००० किलो भार. जागा: ड्रॉइंगवर अ अशी खूण केलेला बॉसचा सपाट भाग, वरची कातडी घासून काढल्यावर. प्रत्येक हीटमधले पाच नग, नगामागे दोन ठसे. दोन्ही ठसे मर्यादेत हवेत, सरासरी चालणार नाही. पहिली तपासणी पुरवठादार माल निघण्याआधी करेल आणि आकडे चलनासोबत देईल. खरेदीदाराला फेरतपासणी करायची असल्यास माल पोचल्यापासून सात दिवसांत, त्याच जागी, त्याच पद्धतीनं.’

लांबलचक वाटेल. पण यातला एकेक शब्द कुठल्या ना कुठल्या डेबिट नोटेतून (पैसे कापल्याच्या चिठ्ठीतून) आलाय. ‘सरासरी चालणार नाही’ हे खास बघा: १७० आणि २४० ची सरासरी २०५ येते आणि नग झकास पास होतो. फ्लॅंजवर मशिनिंग होणार असेल तर तिथली मर्यादा वेगळी ओळ घालून ठरवा, आणि पातळ भागावर १० मिमीची गोळी बसत नसेल तर तिथं ५ मिमी गोळी आणि ७५० किलो भार लिहा.

बांधकामात याच पायरीचं रूप म्हणजे काँक्रीटचे क्यूब. साधारण १२०० चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबला, तुळया सोडून, १४ घनमीटर काँक्रीट लागतं. आयएस ४५६ च्या कोष्टकात ६ ते १५ घनमीटरला दोन नमुने आहेत. नमुना म्हणजे १५० मिमीचे तीन क्यूब, २८ दिवसांनी फोडायचे. म्हणजे सहा क्यूब. ते कुणासमोर भरायचे हे लिहा, आणि काँक्रीट ओलं असतानाच त्यावर खिळ्यानं तारीख आणि मालकाची सही कोरायची असंही लिहा. नाहीतर लॅबमध्ये गेलेले क्यूब तुमच्या स्लॅबचेच होते हे कोण सांगणार?

चौथी पायरी: कोण मोजणार, कशावर मोजणार

उसाकडे बघा. चिकोडी, रायबाग, अथणी, निपाणी, अख्खा पट्टा उसाचा. २०२५-२६ साठी एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर) क्विंटलला ३५५ रुपये, १०.२५ टक्के रिकव्हरीला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला). आता वजन कारखान्याच्या काट्यावर, रिकव्हरी कारखान्याच्या लॅबमध्ये, आणि पैसे देणाराही कारखानाच. काटामारीचा संशय या रचनेतूनच येतो, मग कारखाना कितीही सरळ असो. सांगायचं एवढंच की, जो पैसे देणार त्याच्याच हातात मोजमाप असेल तर दुसऱ्याला ते बघण्याचा आणि उलटतपासणीचा हक्क करारात लिहून मिळाला पाहिजे.

वजनावरच्या कुठल्याही व्यवहारात, मग भंगार असो, पिग आयर्न असो वा बटाटा, चार गोष्टी लिहा. कुठला काटा. त्यावर वजनमाप खात्याचा चालू वर्षाचा शिक्का आहे की नाही. (वे-ब्रिजची, म्हणजे गाडी तोलायच्या काट्याची, फेरपडताळणी दर बारा महिन्यांनी व्हावी लागते.) भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन एकाच काट्यावर. आणि दोन काट्यांत किती किलोंचा फरक चालेल. हा शेवटचा आकडा लोक लाजून टाळतात. ‘दहा-वीस किलोचं काय घेऊन बसलाय ओ!’ असं म्हणतात, आणि पुढं चाळीस किलोंवरून बोलणं बंद होतं.

मापाच्या बाबतीत साधन मर्यादेला पुरं पडतंय का ते बघा. ४० मिमीच्या एच७ बोअरला (एच७ या मोकळिकीच्या भोकाला) अख्खी मोकळीक २५ मायक्रॉनची, म्हणजे ०.०२५ मिमीची. ०.०२ मिमी लीस्ट काउंटच्या (त्याहून बारीक न वाचणाऱ्या) व्हर्नियरनं तो बोअर मोजणं म्हणजे नाण्याची फेकाफेक. इथं ‘गो-नोगो प्लग गेज’ (एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जाता कामा नये) असं नाव घालून लिहा, गेज कुणाचं आणि त्याचं कॅलिब्रेशन किती महिन्यांनी तेही. दोघांकडे दोन गेज असतील तर खरेदीदाराचं मास्टर धरायचं की त्रयस्थाचं, एवढं आधी बोलून घ्या.

पाचवी पायरी: किती नग, आणि ते कुणी उचलायचे

शंभर टक्के तपासणी म्हणजे भारी, असं वाटतं खरं. चारशे नग तपासणारा माणूस तिनशेव्यानंतर काय बघतो हे शॉपमधल्या कुणालाही विचारा. आयएस २५०० मधली नमुना पद्धत सरळ आहे. २८१ ते ५०० नगांच्या लॉटला नेहमीच्या पातळीवर ५० नग उचलायचे; दोषाची स्वीकार्य पातळी २.५ टक्के धरली तर तीन खराब नगांपर्यंत लॉट पास, चौथा सापडला की अख्खा लॉट परत. कोष्टक जोडायचा कंटाळा असेल तर हेच वाक्य साध्या मराठीत लिहा, चालतं.

नग तपासणारा उचलेल, कुठल्याही क्रेटमधून. हे नाही लिहिलं तर वरचा थर बघून गाडी निघते.

सहावी पायरी: मुदत. पैशाचं घड्याळ इथून सुरू होतं

बेळगावचे बहुतेक पुरवठादार सूक्ष्म किंवा लघुउद्योग आहेत, आणि तरी २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यातली ही गोष्ट त्यांच्या करारात नसते. त्या कायद्यानं पेमेंटची मुदत मालाच्या ‘स्वीकारा’पासून मोजली जाते. खरेदीदारानं माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकाराचा धरतात. हरकत घेतली, तर ती दूर झाली तो दिवस. त्यानंतर ठरलेल्या तारखेला पैसे, पण ही तारीख कराराने कितीही लांब ठेवली तरी ४५ दिवसांपलीकडे जात नाही. ठरलंच नसेल तर १५ दिवस. चुकलं तर बँक दराच्या तिप्पट व्याज, महिन्याला चक्रवाढ. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) मात्र व्यवहाराच्या आधीची हवी.

म्हणून ‘तपासणीनंतर पेमेंट’ अशी मोकळी ओळ कधीच घेऊ नका. ‘तपासणी माल पोचल्यापासून सात दिवसांत, हरकत लेखी, नगांच्या संख्येसह आणि मोजलेल्या आकड्यांसह, हरकत न आल्यास माल स्वीकारला असं धरलं जाईल’ असं लिहा. फोनवर ‘माल जरा बघून घेतोय की ओ’ ही हरकत नव्हे.

खरेदीदाराच्या बाजूनंही एक गोष्ट न्याय्य आहे. ब्लोहोल (आतली हवेची पोकळी) आणि श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) मशिनिंग झाल्याशिवाय दिसत नाहीत. माल विक्री कायदा, १९३० चं कलम ४१ तपासायची वाजवी संधी देतं, पण कलम ४२ प्रमाणे माल आपलाच समजून वापरला किंवा काही न कळवता बराच काळ ठेवून घेतला तर तो स्वीकारला गेला. कास्टिंग लेथवर चढवलं की यातलं काय लागू, यावर वकील हवं तेवढं बोलतील. त्यांना ती संधी देऊ नका. मशिनिंगनंतरच्या दोषांची वेगळी मुदत ठेवा, समजा ६० दिवस, आणि मशिनिंगचा खर्च कुणाचा ते लिहा. आमच्याकडे बहुधा कास्टिंग बदलून मिळतं आणि मशिनिंगचा खर्च खरेदीदार सोसतो. मोठे खरेदीदार तोही मागतात. दर त्याप्रमाणे ठरवा.

सातवी पायरी: पटलं नाही तर

नमुना तीन भागांत करा. एक तुमचा, एक त्याचा, तिसरा दोघांच्या सहीनं सीलबंद. निकाल जुळले नाहीत तर तिसरा भाग करारात नाव घातलेल्या प्रयोगशाळेत जाईल, तिचा निकाल दोघांना बंधनकारक, आणि खर्च हरेल त्याचा. प्रयोगशाळेचं नाव आजच घाला. वाद पेटल्यावर ‘तटस्थ’ या शब्दाचेही दोन अर्थ होतात. ती लॅब बंद झाली किंवा तिनं नकार दिला तर दुसरी कुठली, तेही. किंमत त्रयस्थाच्या मूल्यांकनावर सोडली आणि त्यानं मूल्यांकन केलंच नाही, तर माल विक्री कायद्याच्या कलम १० प्रमाणे करारच गळून पडतो.

वडगाव-शहापूरकडच्या विणकामात हीच पद्धत सोप्या रूपात चालते: मंजूर झालेल्या कापडाचा तुकडा कापून दोघांच्या सह्या, एकेक तुकडा दोघांकडे, आणि पिक (आडवे धागे) मोजायचं भिंग लावून इंचाला किती पिक ते करारात. नमुन्यावरची विक्री कायद्याला मान्य आहे (कलम १७), पण रंग उतरतो, म्हणून तुकडा अंधारात ठेवा.

नापास झाल्यावर काय, हे तीन ओळींत उरकतं: दुरुस्त करून देणार, दर कापून ठेवून घेणार, की परत, किती दिवसांत, वाहतूक कुणाची. फेरचाचणी एकदाच, दुप्पट नमुन्यावर. पास होईपर्यंत चाचण्या घेत राहायची सूट दिलीत तर सगळंच कधीतरी पास होतं.

आठवी पायरी: कागद, भाषा आणि पुरावा

आपल्याकडे बोलणं मराठीत, ड्रॉइंग इंग्रजीत आणि स्टॅम्पवरचा मजकूर बऱ्याचदा कन्नडमध्ये. मराठी प्रत जोडायला अडचण नसते. दोन्ही प्रतींत फरक पडल्यास कुठली धरायची ती ओळ तेवढी घाला. तपासणीचा तक्ता शक्यतो आकड्यांतच ठेवा, ते सगळ्यांना सारखे वाचता येतात. सही करणाऱ्याला कराराची भाषा वाचता येत नसेल, तर ज्यानं मराठीत वाचून समजावलं त्याची तशी नोंद आणि सही शेवटी हवी. ई-स्टॅम्पवरचा प्रमाणपत्र क्रमांक ऑनलाइन तपासून घ्या. स्टॅम्प घोटाळ्यातला अब्दुल करीम तेलगी मूळचा खानापूरचा; निदान आपण तरी स्टॅम्प डोळे झाकून घेऊ नये.

खरेदीदार महाराष्ट्रातला असेल तर वाद कुठल्या कोर्टात हे ठरवून लिहा. ज्या कोर्टांना मुळात अधिकार आहे, त्यांतलंच एक निवडता येतं. बेळगावात माल दिला-घेतला असेल तर बेळगाव लिहायला संकोच नको.

व्हॉट्सअॅपवरचे फोटो पुरावा म्हणून चालतात, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचा एक भाग तज्ज्ञानं भरायचा असतो. मूळ फाईल ज्या फोनवर आहे तो फोन विकू नका. करारात लिहा की हरकतीची सूचना अमुक ईमेलवर दिली तरच दिली. फोटोत हीट नंबर आणि मोजपट्टी दोन्ही दिसली पाहिजेत.

शेवटी हे सगळं कराराच्या पोटात कोंबू नका. ‘परिशिष्ट अ: तपासणी तक्ता’ असं एकच पान करा, अट, मर्यादा, पद्धत, जागा, नग, तपासणारा, मुदत, नापास झाल्यास, एवढे आठ रकाने. करारात एक ओळ: ‘पीओ, ड्रॉइंग आणि परिशिष्टात फरक असल्यास परिशिष्ट अ ग्राह्य.’ ड्रॉइंगची आवृत्ती बदलली, की तक्त्यावर नवा आवृत्ती क्रमांक, तारीख आणि दोघांच्या सह्या. त्या होईपर्यंत नव्या ड्रॉइंगचं पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) बनवायला घालू नका.